गाडीची तक्रार मिटवा, तिचे तोंड बंद करू नका

लहान मूल रडू लागले की आई आधी ते का रडते हे पाहते. भूक लागली आहे, पोट दुखते आहे, की झोप आली आहे? नुसते रडणे थांबावे म्हणून कोणी त्याच्या तोंडावर हात ठेवत नाही. घरातल्या गाडीच्या बाबतीत मात्र आपण पुष्कळदा नेमके हेच करतो. फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्या जागी जाड तार घालतो. सीटच्या पट्ट्याचा गजर कानाला त्रास देतो, म्हणून खाचेत नुसती क्लिप अडकवतो. पाणी कमी होते, म्हणून रोज तांब्याभर पाणी ओततो आणि ते जाते कुठे हे पाहत नाही. गाडी गप्प बसते आणि आपल्याला वाटते, काम झाले!

गाडीची लहानसहान कामे घरी करण्यात गैर काहीच नाही. उलट ती यायलाच हवीत. अँबॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात मालक स्वतः बॉनेट उघडून प्लग साफ करायचे, पॉइंटला काचकागद मारायचे, कार्बोरेटरमधला कचरा फुंकून काढायचे. अँबॅसिडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजच्या गाडीत इंजिनाचा बराचसा कारभार संगणक पाहतो आणि तिथे हात घालायला फारशी जागा उरलेली नाही. पण चाके, काचा, दिवे, बॅटरी, फ्यूज आणि किल्ली ही सारी मंडळी अजून आपल्याच हातात आहेत. प्रवासात दगा देतात तीही बहुधा हीच.

म्हणून कोणताही घरगुती उपाय करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या उपायाने दोष जातो आहे, की फक्त दोषाची खूण झाकली जाते आहे? पहिले उत्तर असेल तर बाह्या सरसावा. दुसरे असेल तर हात आवरा.

डिकीतली छोटी पेटी

फार साहित्य लागत नाही. हवा मोजण्याचा गेज, गाडीसोबत आलेला जॅक आणि पाना, चांगली टॉर्च, जाड हातमोजे, जंपर केबल, चार-सहा निरनिराळ्या क्षमतेचे फ्यूज, जुना टॉवेल, दोन लिटर पाणी आणि परावर्तक त्रिकोण. सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र बहुतेक घरांत कपाटात पडून असते. ती म्हणजे गाडीचे माहितीपुस्तक. ते कप्प्यातच ठेवा. जॅक कुठे लावायचा, फ्यूजची पेटी कुठे आहे, हवा किती भरायची, हे सारे त्यात चित्रांसह दिलेले असते. गाडीप्रमाणे या गोष्टी बदलतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

चाके: हवा, नक्षी आणि स्टेपनी

हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी किंवा जवळच्याच पंपावर. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो याचा असतो. तो पाहून हवा भरू नये. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर मागच्या चाकांसाठी अनेकदा वेगळा, थोडा जास्त आकडा दिलेला असतो. लग्नाला किंवा गावी निघताना तो जरूर पाहा.

नागपूर, जळगाव, इंदूरकडच्या उन्हाळ्यात एक समजूत कायम ऐकू येते, की उन्हात हवा फुगते, म्हणून आधीच कमी भरावी. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्याने टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटण्याचा धोका वाढतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर तासन् तास वेगात धावायचे असेल तर हा फरक जिवावर बेतू शकतो. वाटेत चहाला थांबल्यावर गरम टायरचा दाब वाढलेला दिसला, तरी हवा काढू नका. ती वाढ हिशेबात धरूनच दाराजवळचा आकडा दिलेला असतो.

टायरच्या नक्षीच्या खोबणीत ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानेही मोटारीच्या टायरची हीच शेवटची मर्यादा आहे. अशा टायरला पावसात पाणी बाजूला सारता येत नाही आणि गाडी पाण्यावरून घसरते. टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. एकाच बाजूने टायर जास्त झिजला असेल तर ती अलाइनमेंटची किंवा सस्पेन्शनची तक्रार समजा. नुसते टायर मागेपुढे बदलून झीज सारखी दिसू लागेल, पण दोष जागच्या जागी राहील.

आता स्टेपनीविषयी. हा शब्द आपल्याकडे आला तो वेल्समधल्या लॅनेली गावातून. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या एका दुकानाने १९०४ च्या सुमारास पंक्चर चाकावर बसवायचे जादा चाक तयार केले. साहेबाच्या देशात तो शब्द मागे पडला, आपल्या पंक्चरवाल्याने मात्र तो जपून ठेवला! हल्ली काही गाड्यांत स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर जादा चाकाशिवाय गाडी विकण्याची मुभा २०२० मध्ये मिळाली. तुमच्या डिकीत नेमके काय आहे ते एकदा उघडून पाहा. आणि स्टेपनी असेल तर दर महिन्याला तिचीही हवा तपासा.

चाक बदलण्याचा क्रम असा:

१. गाडी सपाट, टणक जागी, रहदारीपासून दूर घ्या. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये) ठेवा.

२. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेला, शक्यतो कठड्याच्या पलीकडे उभे करा. त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा.

३. पंक्चर चाकाच्या तिरप्या दिशेच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा.

४. नट आधी, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच, थोडे सैल करा. मग जॅक ठरलेल्या खाचेतच लावून गाडी उचला.

५. नवे चाक बसवून नट समोरासमोरचे, तिरप्या क्रमाने आवळा. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा घट्ट करा. पन्नासेक किलोमीटरनंतर ते परत तपासा.

जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, हात किंवा पाय, काहीही घालू नका. द्रुतगती मार्गावर पंक्चर चाक वाहत्या रहदारीच्या बाजूचे असेल तर स्वतः बदलण्याचा हट्ट सोडा आणि मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. स्टेपनी आकाराने बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळा आणि पहिल्याच पंक्चरवाल्याकडे मूळ चाक दुरुस्त करून घ्या.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला आणि हवा हळूहळू जात असेल तर खिळा लगेच उपटू नका. हवा भरून पंक्चरवाला गाठा. घरच्या किटमधली चिकट रबरी दोरी नक्षीच्या भागातल्या लहान छिद्राला चालते. टायरच्या बाजूला छिद्र किंवा फुगवटा असेल तर तिथे कोणतेही ठिगळ चालत नाही. तो टायर बदलायलाच हवा.

बॅटरी: सकाळी गाडी 'टक टक' करते तेव्हा

किल्ली फिरवली की नुसता 'टक टक' आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. अशा वेळी बॅटरी लगेच मोडीत काढू नका. आधी तिच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट पूड जमली आहे का ते पाहा. तसे असेल तर गाडी बंद करून आधी उणे (−) टोकाची तार काढा, मग अधिकची (+). कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टोके घासा, पुसून कोरडी करा आणि थोडे व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोडताना क्रम उलटा: आधी अधिक, शेवटी उणे. हातमोजे घालायला विसरू नका, कारण बॅटरीत तेजाब असते.

टोके स्वच्छ असूनही गाडी सुरू होत नसेल तर दुसऱ्या गाडीवरून केबलने सुरू करता येते. त्यापूर्वी दोन्ही गाड्यांची माहितीपुस्तके पाहा. साधारण क्रम असा: लाल केबल आधी बंद बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला. हे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर लावायचे, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तिथे ठिणगी पडणे धोक्याचे असते. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, तेव्हा सोसायटीतल्या मुलांना घाम गाळायला लावू नका.

इथेही आपला प्रश्न विचारायचा. रात्री आतला दिवा चालू राहिला होता आणि म्हणून बॅटरी उतरली, तर गोष्ट तिथेच संपली. पण काही कारण नसताना दर दोन-तीन दिवसांनी केबल लावावी लागत असेल तर बॅटरी संपत आली आहे, ऑल्टरनेटर ती चार्ज करत नाही, किंवा नंतर बसवलेली एखादी वस्तू गुपचूप वीज खाते आहे. रोज केबल लावणे म्हणजे त्या तक्रारीच्या तोंडावर हात ठेवणे.

फ्यूज: लहान जीव, मोठे काम

मोबाइल चार्ज होत नाही, हॉर्न वाजत नाही, काच खाली होत नाही. अशा वेळी पहिला संशय फ्यूजवर घ्यावा. फ्यूजपेटीच्या झाकणामागे कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेले असते. गाडी बंद करून तो चिमट्याने ओढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लालच्या जागी लालच.

पूर्वी घरच्या मीटरजवळ फ्यूज उडाला की काही मंडळी दोन-तीन तारा एकत्र पिळून घालत. दिवे लागत, पण पुढे भिंतीतली वायर जळत असे. गाडीतही तसेच होते. फ्यूज हा मुद्दाम कमकुवत ठेवलेला दुवा आहे. वीज जास्त वाहू लागली की त्याने स्वतः जळावे आणि वायर वाचवावी, हेच त्याचे काम. त्या जागी मोठा फ्यूज, तार किंवा चॉकलेटचा चांदीचा कागद घातला, की जळायची पाळी वायरवर येते, आणि ती वायर गालिच्याखालून, सीटखालून गेलेली असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. कुठे तरी शॉर्ट आहे, आणि तो शोधण्यासाठी इलेक्ट्रिशियनकडे जा.

पावसाळ्यातली काच

वायपर काचेवर रेघा ओढू लागला तर आधी त्याचे रबर साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि काचही धुऊन घ्या. पुष्कळदा दोष रबराचा नसून त्यावर बसलेल्या धुळीचा आणि तेलकटपणाचा असतो. तरीही रेघा राहिल्या किंवा रबर कडक होऊन चिरले असेल तर ब्लेड बदला. हे काम मेच्या अखेरीस उरका, म्हणजे पहिल्याच पावसात घाटात अडकायला नको. ब्लेड काढल्यावर काचेवर टॉवेलची घडी ठेवा. वायपरचा उघडा दांडा स्प्रिंगने आपटला तर काच तडकू शकते. पाण्याचा फवारा येत नसेल तर बाटलीत पाणी आहे का ते पाहा आणि तोटीचे छिद्र टाचणीने अलगद मोकळे करा.

काच धुरकट होते तेव्हा ती आतून झाली आहे की बाहेरून, हे बोट फिरवून पाहा. आतून असेल तर आपल्या श्वासातली वाफ काचेवर बसली आहे. एसी चालू करून हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेण्याचे बटण दाबा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. कोकणात किंवा गोव्यात दमट हवेत काच बाहेरून धुरकटली, तर कारण उलटे असते. एसीने काच फार गार झालेली असते. तेव्हा वायपर फिरवा आणि आतला गारवा कमी करा. गाडी चालवता चालवता फडक्याने काच पुसत बसू नये.

इंजिन तापले तर

तापमानाचा काटा लालकडे सरकला किंवा लाल दिवा लागला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा (त्याने इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते) आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका.

रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचे झाकण समजा. आत पाणी दाबाखाली असल्यामुळे ते १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळते पाणी अंगावर उडते. वाफ असलेला कुकर आपण उघडत नाही, तसाच हाही उघडायचा नाही. किमान अर्धा तास थांबा. नळी आणि टाकी हाताला गार लागल्यावर जाड फडके धरून, चेहरा दूर ठेवून झाकण हळूहळू फिरवा. इंजिन बंद असले तरी विजेवरचा पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून पदर, ओढणी आणि हात त्याच्यापासून लांब ठेवा.

अडचणीत साधे पाणी चालते, पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतेच. नळाच्या पाण्याचे क्षार आत बसतात. नंतर माहितीपुस्तकात सांगितलेलेच कूलंट भरा. कूलंटची पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर ते कुठून तरी गळते आहे. उरलेले कूलंट मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. ते चवीला गोडसर आणि विषारी असते.

दिवे आणि किल्ली

साधा हॅलोजन बल्ब अनेक गाड्यांत घरी बदलता येतो. दिवे बंद करून तो गार होऊ द्या आणि नवा बल्ब कागदात धरून बसवा. बोटाचा तेलकटपणा काचेला लागला तर तो भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. बल्ब मूळ वॅटचाच घ्या. नेहमीचा एच ४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी जास्त वॅटचा बल्ब घातला तर होल्डर वितळू शकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. हेडलाइटची प्लास्टिक काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्टने घासून काही दिवस उजळते, हे खरे. पण वरचे संरक्षक लेपन गेलेले असल्याने ती पुन्हा पिवळी होते. पॉलिश करून नवे लेपन लावणे किंवा काच बदलणे हाच टिकाऊ उपाय.

रिमोट जवळ नेल्याशिवाय दार उघडत नसेल तर त्यातला बटणासारखा सेल संपत आला आहे. सेलवर छापलेला क्रमांक, उदाहरणार्थ सीआर २०३२, पाहून तसाच आणा. रिमोट पूर्ण बंद पडला तर घाबरू नका. बहुतेक रिमोटमध्ये एक धातूची किल्ली लपवलेली असते. बटणाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्या रिमोट त्या बटणाला टेकवला की सुरू होतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत थोड्याच तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होते. अशी नुसती शंका आली तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या.

बॉनेटखालचे पाहुणे

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूच्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत आहे. पण वास उडून जातो आणि उंदीर परत येतात. शिवाय डांबराच्या गोळ्यांची वाफ गाडीत शिरली तर ती तान्ह्या बाळांना बाधक ठरते. उंदीर का येतो ते पाहा. सीटखाली सांडलेला चिवडा, बिस्किटांचा चुरा, शेजारची कचराकुंडी आणि आठवडाभर न हललेली गाडी ही त्याची कारणे. गाडी आतून झाडा, जागा बदला, दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडा, खालून जाळी बसवून घ्या. थंडीत मांजरेही इंजिनाच्या उबेला बसतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर एक थाप मारा.

ॲक्सेसरीज: शोभा की संकट?

नवी गाडी घेतली की सारे घर तिला सजवायला सरसावते. हौस जरूर करावी, पण प्रत्येक वस्तूला वरचाच प्रश्न विचारावा.

पायपुसणी: मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकू नका. ती पुढे सरकून ब्रेकखाली किंवा ॲक्सिलरेटरवर अडकू शकते. ड्रायव्हरची मॅट हुकात अडकलेलीच हवी. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीही ठेवू नये.

सीट कव्हर: सीटच्या बाजूला 'एअरबॅग' अशी चिठ्ठी असेल तर साधे कव्हर ती पिशवी उघडू देत नाही. अशा सीटसाठी बनवलेलेच कव्हर घ्या.

डॅशबोर्डवरचा बाप्पा: मूर्ती जरूर ठेवा, पण एअरबॅगच्या झाकणावर नको. पिशवी क्षणार्धात फुगते आणि तिच्यावरची वस्तू गोळीसारखी सुटते. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट तिथे कधीही लावू नये.

पुढचा लोखंडी गार्ड: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितले. धडकेत चेपून धक्का शोषून घ्यावा अशी गाडीच्या पुढच्या भागाची रचना असते. गार्ड तिच्या आड येतो, आणि पादचाऱ्याला तर तो जीवघेणाच ठरतो.

काळी फिल्म: एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. ऊन लागते म्हणून गाडी उभी असताना जाळीचा पडदा लावा, निघताना काढून ठेवा.

पट्ट्याची खोटी क्लिप: ही वस्तू दिसायला क्षुल्लक, पण या साऱ्यांत सर्वांत घातक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर पट्ट्याकडे देशाचे लक्ष गेले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना गजर बंद करणाऱ्या क्लिप विक्रीतून काढायला लावल्या. अशा १३,११८ जाहिराती तेव्हा हटवल्या गेल्या. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंडाचा विचार नंतर. एअरबॅग ही पट्टा लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते. क्लिप लावून गजर बंद होतो, धडक बसायची थांबत नाही.

इथे हात लावू नका

ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग आणि इंधनाच्या नळ्या यांना घरी हात लावू नये. ब्रेक दाबल्यावर पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, चरचर आवाज येत असेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल, तर नुसते ऑइल भरून मोकळे होऊ नका. ब्रेकची पॅडे झिजली आहेत किंवा कुठे गळती आहे. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. सीएनजी गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी अधिकृत केंद्रातूनच करून घ्या. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी वायरींना अजिबात हात लावू नका, त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांची भाषाही घरातल्या प्रत्येक चालकाला यावी. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागी लगेच थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती. पिवळ्या दिव्यावर स्टिकर चिकटवून फिरणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. दिवा दिसत नाही म्हणून आजार बरा होत नाही.

महिन्यातून एक रविवार

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गाडीला पंधरा-वीस मिनिटे द्या आणि मुलांनाही सोबत घ्या. एकाने पाच चाकांची हवा लिहून ठेवावी, स्टेपनी धरून. एकाने समोर उभे राहून दिवे, इंडिकेटर आणि मागून ब्रेकचे दिवे पाहावेत. एकाने इंजिन ऑइल, कूलंट आणि वायपरचे पाणी तपासावे. गाडी उभी होती तिथल्या जमिनीवर नवा डाग दिसतो का, तेही पाहा. सारे आकडे एका लहान वहीत तारखेसह टिपा. गेल्या महिन्यात कूलंट कुठवर होते आणि आज कुठवर आहे, हे वही सांगेल, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर मेकॅनिकला 'काहीतरी होतंय' असे मोघम न सांगता नेमकी तक्रार सांगता येईल.

या वहीने काम नेमके होते, खर्च आटोक्यात राहतो, आणि उद्या गाडी चालवणारी मुले आजच तिची भाषा शिकतात. गाडी तक्रार करते ती आपल्याच भल्यासाठी. ती ऐका, जमेल तेवढी स्वतः मिटवा, आणि जमणार नाही ती जाणकाराच्या हाती द्या.